अकरा वर्षांचं निम्मं

साडेआठला दोन मिनिटं कमी असताना मापाड्यानं तारेच्या कुंपणाचं फाटक उघडलं. त्याच्याच वावराच्या कोपऱ्यातली दहा पावलं लांब आणि दहा पावलं रुंद जागा विद्यापीठानं बत्तीस वर्षांपूर्वी कुंपण घालून घेतली होती. तेव्हापासून तिथं ना पेरा झाला, ना कुठल्या शेळीनं तोंड घातलं. एका बाजूला चार पायांवर उभी झडपांची पांढरी पेटी, तिच्यात तापमापक. मधोमध पावसाचा डबा. पहाटे थोडा पाऊस येऊन गेला होता. मातीचा वरचा पापुद्रा ओला होता आणि चपलेला तेवढाच चिकटत होता.

त्यानं डब्याचं नरसाळं काढलं, खालची बाटली उचलली आणि पाणी काचेच्या नळीत ओतलं. गुडघे वाकवून, नळी डोळ्यांच्या रेषेत धरून, श्वास रोखून त्यानं रेघ वाचली. मग वहीत लिहिलं : बावीस मिलिमीटर.

"किती?" कुंपणाबाहेरून बायकोनं विचारलं. ती शेळ्यांच्या दगडी डोणीपाशी उभी होती.

"बावीस."

तिनं डोणीत बोट उभं धरलं. ही डोणी उभ्या, सरळ भिंतींची, वर आभाळ मोकळं. रोज शेळ्या चाटून कोरडी करायच्या, त्यामुळं आत जे असेल ते पहाटेचंच. तिनं बोट वर काढून त्याला दाखवलं. पाणी नखाच्या थोडं वर चढलं होतं.

"अर्धं पेरसुद्धा नाही. पूर्वी तुम्ही बावीस म्हणायचात तेव्हा पेरभर असायचं."

"डोणी म्हणजे यंत्र नव्हे."

"नाहीच. यंत्र असती तर तिलाही पगार असता."

"झिरपत असेल कुठून तरी."

"दगड झिरपतो का हो? तुमचा पाऊस तेवढा कागदावर पडतो, एवढंच मला कळतं." आणि ती शेळ्या सोडायला गेली.

हे बोलणं त्यांच्यात अकरा वर्षं चाललं होतं. मापाडी वाद वाढवत नसे. बत्तीस वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी, ते आता नाहीत, त्याला याच कुंपणात उभं करून शिकवलं होतं, 'आभाळाकडे बघून लिहायचं नाही, पिकाकडे बघून लिहायचं नाही. नळी सांगेल ते लिहायचं. मनाचं एक टिंबही घालायचं नाही.' त्यानं घातलं नव्हतं. तापात लिहिलं होतं, बाप गेला त्या सकाळी लिहिलं होतं. गाव त्याला मापाडी म्हणायला लागलं ते चेष्टेनं. त्याला आतून त्याचा अभिमानच वाटायचा, पण तसं बोलून दाखवण्याइतकी स्वतःची खात्री त्याला कधीच नव्हती.

सलग तिसरं वर्ष ओढीचं होतं. विहिरीच्या तळाशी घागर आडवी करून पाणी घ्यावं लागत होतं. मका गुडघ्याएवढा होऊन तसाच वाळला होता, त्याची पानं हातात चुरायची. सगळ्या गावाचे डोळे टंचाईच्या यादीकडे लागले होते. यादीत नाव आलं की टँकर, जनावरांना चारा आणि गावातल्या गावात काम. यंदा सरकारनं ही यादी विद्यापीठाच्या अहवालावर ठरवायची असं केलं होतं. पाच विभागांनी मिळून या खोऱ्याच्या हवामानाचा अभ्यास केला होता आणि आज ती माणसं गावात येऊन निष्कर्ष सांगणार होती.

मापाड्यानं धुतलेला सदरा घातला. खोऱ्यात बत्तीस वर्षांच्या नोंदी असलेलं केंद्र एकच होतं, त्याचं. आज आपल्या वह्या गावाच्या उपयोगी पडणार, या विचारानं त्याला चहा धड गिळवला नव्हता.

शाळेच्या खोलीत माणसं दाटीनं बसली. समोरच्या खुर्च्यांवर हवामानाचे सर, करड्या केसांचे, हळू बोलणारे. शेजारी समाजशास्त्राच्या बाई, मांडीवर ध्वनिमुद्रणाचं छोटं यंत्र घेऊन. आणि दारापाशी मातीवाला, नखांत माती असलेला दांडगा माणूस. त्यानं सकाळपासून चार वावरांत लोखंडी गिरमिट घालून खालची माती काढली होती.

बाईंनी आधी म्हाताऱ्यांना विचारलं. पाऊस पूर्वीसारखा आहे का?

"पूर्वीचा पाऊस?" गावचा शिंपी म्हणाला. त्याला बोलायला कुणी सांगावं लागत नसे. "पूर्वी आमची बायको पावसाळ्यात दोरीवर कपडे वाळत घालायला जागा शोधायची. आता दोरी शोधते, जीव द्यायला."

लोक हसले. बाईही हसल्या, त्यांनी लिहून घेतलं. एकामागून एक सगळ्यांनी तेच सांगितलं. दहा-अकरा वर्षांत पाऊस निम्म्यावर आला.

मग हवामानाच्या सरांनी भिंतीवर चित्र पाडलं. एक निळी रेघ. एकवीस वर्षं ती वरखाली होत सपाट चालली होती आणि शेवटच्या अकरा वर्षांत तिनं मान वर काढली होती. तीन दुष्काळी वर्षंसुद्धा जुन्या सरासरीच्या बरोबरीला होती.

"मंडळी, तुमचा अनुभव आम्ही नाकारत नाही," सर म्हणाले. "पण मोजणी असं सांगते की तुमच्याकडचा पाऊस कमी झालेला नाही. मधल्या काळात तो वाढलाच होता."

"कुणी मोजला?" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुमच्याच गावात मोजलाय. खोऱ्यातल्या सर्वांत नियमित नोंदी आहेत या." सरांनी मापाड्याकडे कौतुकानं हात केला.

सगळी खोली वळली. मापाड्यानं मान खाली घातली. कौतुक होतं, पण सदऱ्याच्या आत घामाची धार कमरेपर्यंत गेली.

बाई समजावून सांगू लागल्या. माणसाला वाईट वर्षं जास्त आठवतात. लहानपणचा पाऊस मोठा वाटतो, कारण आपण लहान असतो. गरजा वाढल्या की पाणी कमी झाल्यासारखं वाटतं. "स्मृती आणि मोजणी यांच्यातलं हे अंतर, त्यावरच माझं काम आहे," त्या म्हणाल्या.

"पण बाई," मातीवाला दारातून म्हणाला, "हातभर खाली माती पिठासारखी आहे. एवढा पाऊस मुरला कुठं?"

"जमिनीचा वापर बदलला असेल," सर म्हणाले.

"वापर काय बदलायचाय इथं? मकाच तर आहे."

"ते तुमच्या प्रकरणात येईल ना."

मातीवाला नखांतली माती काढू लागला. अहवालात प्रत्येकाचं प्रकरण वेगळं होतं.

सरांनी यादी वाचली. ओढ्यापलीकडचं गाव आलं, वरच्या अंगाची दोन आली. हे गाव आलं नाही.

बाहेर पडताना शिंप्यानं मापाड्याच्या खांद्यावरून दोरा काढल्यासारखं केलं. "काय रे मापाड्या, चिंब भिजलायस की. तुझ्याकडं फारच पाऊस दिसतो."

पुढच्या आठवड्यात ओढ्यापलीकडच्या गावाला टँकर सुरू झाला. मापाड्याची बायको दोन डबे घेऊन तिकडं जायला लागली. जाताना अर्धा तास, येताना पाऊण. तिकडच्या बायका तिला रांगेत शेवटी उभी करायच्या. टाकीत उरलं तर मिळायचं. एकदा घरी आल्यावर तिनं पदराचा बोळा करून कोपराला लावला. कोपर सोललं होतं.

"काय झालं?"

"काही नाही. एक बाई म्हणाली, तुमच्या गावात पाऊस भरपूर आहे, सरकारनं सांगितलंय, इकडं कशाला मरायला येता. मी म्हटलं, आमच्या घरातच मोजतात. मग तिनं ढकललं." तिनं बोळा काढून बघितला, परत लावला. "तिची चूक नाही. मी पण ढकललं असतं."

धाकटा भाऊ ओसरीवर बसून पिशवीत कपडे कोंबत होता. तो दूर रस्त्याच्या कामावर निघाला होता. यादीत गाव आलं असतं तर काम इथंच मिळणार होतं.

"दादा, एक विचारू?" तो वर न बघता म्हणाला. "लिहिताना तुला कधी असं वाटलं नाही का, की हे खोटं आहे?"

"नळी खोटं कशी बोलेल?"

"मी नळीचं नाही विचारलं."

"राहू द्या भावजी," मापाड्याची बायको म्हणाली. "जाताना भांडून जाऊ नका. चपलेचा अंगठा शिवून घेतला का?"

तो गेल्यावर मापाडी आत गेला. त्यानं ट्रंकेतून कागदांचं गाठोडं काढलं. त्याला एक जुनं कार्ड हवं होतं. अकरा वर्षांपूर्वी जुन्या डब्याचं बूड गंजून गळलं, तेव्हा विद्यापीठानं नवा डबा पाठवला होता. सोबत नळी नव्हती. नव्या डब्याचं तोंड जुन्यापेक्षा तीन बोटं जास्त रुंद वाटलं, म्हणून त्यानं भीत भीत पत्र टाकलं होतं : तोंड मोठे दिसते, तरी जुनीच नळी वापरावी काय? तीन पत्रं गेल्यावर उत्तराचं एक कार्ड आलं होतं. ते सापडलं. 'जुनीच नळी वापरून नोंदी नियमाप्रमाणे चालू ठेवाव्यात.' खाली संशोधन सहायकाची सही.

तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं. शिकलेल्या माणसांनी विचार करूनच लिहिलं असणार. आपण सातवी झालेले. तोंड मोठं, तोंड लहान हा विचार करणारे आपण कोण?

जुना डबा गोठ्यात होता. बायको त्यात शेळ्यांचं मीठ ठेवायची. बूड गेलेलं, पण नरसाळ्याचं पितळी तोंड शाबूत होतं. त्यानं मीठ टोपल्यात उपसलं, डबा राखेनं घासला, आत एक बाटली ठेवली आणि कुंपणात नव्या डब्यापासून चार पावलांवर, खाली दगड लावून सरळ बसवला. नियमाबाहेरचं असं काही तो बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच करत होता.

"आता हे काय?" बायको म्हणाली.

"काही नाही."

"मीठ कुठंय?"

"टोपल्यात."

तिनं डब्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि ती गोठ्यात गेली.

सहा दिवसांनी दुपारी तासभर पावसाची सर आली. दुसऱ्या दिवशी साडेआठला त्यानं दोन्ही बाटल्या एकाच नळीनं मोजल्या. नव्या डब्यात सोळा. जुन्यात आठ. चार दिवसांनी पुन्हा थोडा शिडकावा झाला. सहा आणि तीन. त्यानं नळी धुतली, पालथी घातली आणि कुंपणाबाहेर डोणीपाशी जाऊन उभा राहिला. डोणीच्या तळाला तीन मिलिमीटर पाणी होतं, शेळीनं जीभ लावली की संपणारं. त्यानं पट्टी बुडवली. तीन.

बायको मागं येऊन उभी होती.

"निम्मं," तो म्हणाला. "अकरा वर्षं दुप्पट लिहिलं मी."

तिला वाटलं होतं, हे त्याच्या तोंडून ऐकलं की आपल्याला बरं वाटेल. बरं वाटलं नाही. तो पट्टी पुन्हा पुन्हा बुडवून बघत होता. ती एवढंच म्हणाली, "मग जा. सांगून या त्यांना. पुसता येत असेल अजून."

पहाटेची बस धरून, एकदा बदलून तो विद्यापीठात पोचला तेव्हा दुपार झाली होती. एका पोत्यात नव्या डब्याचं नरसाळं आणि जुना डबा, दुसऱ्यात अकरा वर्षांच्या वह्या. दारावरच्या शिपायानं अडवलं.

"पोत्यात काय?"

"पावसाचा डबा."

"भरलेला का रिकामा?"

"रिकामा."

"मग जा. भरलेला असता तर आमच्याकडंच ठेवून घेतला असता. नळाला चार दिवस पाणी नाही."

तिसऱ्या मजल्यावरच्या लांब गॅलरीत बाकड्यावर तो दोन तास बसला. समोरच्या भिंतीवर काचेत लावलेला मोठा तक्ता होता. तीच निळी रेघ, शेवटी मान वर काढलेली. येणारी-जाणारी पोरं तिच्याकडे न बघता पुढं जात होती. त्यातला एकेक ठिपका मापाड्यानं गुडघे वाकवून वाचलेला होता. त्याला ती काच उलटी करून ठेवावीशी वाटली.

सरांनी आत बोलावलं, चहा मागवला. मापाड्यानं पोतं सोडलं. टेबलावर माती सांडेल म्हणून जमिनीवरच दोन्ही तोंडं शेजारी शेजारी मांडली आणि सोळा-आठ, सहा-तीन सांगितलं. अजून काही सांगायची गरज पडली नाही. सर खुर्चीतून उठून खाली बसले, खणातली पट्टी घेऊन त्यांनी स्वतः दोन्ही तोंडं मोजली. एक सोळा सेंटिमीटर, एक अकराला थोडं वर. त्यांनी हिशेब केला तो मनातच. मग तसेच जमिनीवर बसून राहिले.

"रुंदी दीडपटीहून कमी, पाणी दुप्पट," ते शेवटी म्हणाले. "दिसायला फार नाही वाटत."

"नाही वाटत, सर."

"हे कुणाकुणाला सांगितलंत, काका?"

"बायकोला."

"बरं केलंत."

मापाड्यानं वह्यांचं पोतं पुढं ओढलं. "सर, अकरा वर्षांचं निम्मं करायचं फक्त. दिवसावार. मला भागाकार येतो. मी इथं बाहेर बाकावर बसून करतो, दोन दिवसांत होईल. मग आमचं गाव यादीत येईल."

"प्रश्न भागाकाराचा नाही." सर उठले, कपडे झटकले. "या आकड्यांवर तीन मुलांच्या पदव्या झाल्यात. बाईंचं पुस्तक छापायला गेलंय. अर्थशास्त्रवाल्यांचं प्रकरण यावर उभं आहे, इतिहासवाल्यांनी तर जुन्या दुष्काळांच्या कागदांवर शंका घेतलीय तुमच्या नोंदी बघून. आणि एकदा आकडा संशयास्पद ठरला की तो निम्मा करून चालत नाही. उद्या कुणी म्हणेल, मग आधीची एकवीस वर्षं तरी कशावरून बरोबर?"

"ती बरोबर आहेत, सर."

"तुम्हाला माहीत आहे. मलाही आहे."

मग मापाड्याला कार्ड आठवलं. त्यानं खिशातून काढून दोन्ही हातांनी पुढं केलं. आपण विचारलं होतं, एवढं तरी सरांना कळावं असं त्याला वाटत होतं. कुणाला अडचणीत आणायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं. सरांनी ते वाचलं. सहीवर त्यांची नजर थांबली. मापाड्यानं नजर तिथं पाहिली आणि मग टेबलावरच्या ताज्या कागदांवरची सही पाहिली. इतकी वर्षं मध्ये गेली होती, पण शेवटचा झोका तोच होता.

सर टेबलामागं गेले. त्यांनी टेबलाचा खण उघडला, कार्ड आत ठेवलं आणि खण लावला. "हे माझ्याकडे राहू दे. समितीपुढं मांडायला लागेल."

मापाड्याला म्हणायचं होतं, सर, एक नक्कल तरी द्या.  तेवढ्यात चहा आला, आणि चहा पुढं आल्यावर असं काही मागणं त्याला बरं दिसेना. त्यानं चहा प्यायला. कपबशी स्वतःच उचलून बाहेरच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली.

"कार्ड दिलंत?" घरी बायकोनं विचारलं.

"समितीपुढं ठेवणारेत."

"परत मागितलंत?"

त्यानं पोतं खुंटीला अडकवलं. तिनं ताट वाढलं आणि भांडी जरुरीपेक्षा जास्त आवाज करत लावली.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. गावप्रमुखाच्या नावे आलं होतं, म्हणून ते आधी चावडीवर वाचलं गेलं आणि शिंप्यानं ते तोंडपाठ करून घरोघर पोचवलं. सदर केंद्रावर निरीक्षकाकडून नळीच्या वापरात झालेल्या चुकीमुळे केंद्राच्या बत्तीस वर्षांच्या सर्व नोंदी अभ्यासातून वगळण्यात येत आहेत. केंद्र बंद करण्यात येत आहे. या गावाच्या पर्जन्यमानासाठी यापुढे डोंगरापलीकडच्या केंद्राच्या नोंदी ग्राह्य धरल्या जातील. यादीत बदल नाही.

डोंगरापलीकडे ढग अडतात. तिकडं भिंतींना शेवाळ असतं, माणसं छत्री टेकत चालतात. आता तो सगळा पाऊस कागदोपत्री या गावावर पडणार होता.

"चूक दुरुस्त केलीस ती अशी?" गावप्रमुख म्हणाला. तो चिडलेलाही नव्हता, थकलेला होता. "गप्प बसला असतास तर निदान आपला खोटा पाऊस तरी आपला होता. हा तर त्यांचा खरा पाऊस आहे. याच्याशी भांडायचं कसं?"

"मी सांगितलं होतं निम्मं करा म्हणून."

"कुणाला सांगितलंस? लेखी आहे काही?"

मापाड्याकडे लेखी काही नव्हतं.

त्यानंतर लोक त्याला टाकून बोलत नव्हते. तेवढी ताकद कुणाच्यात उरली नव्हती. शिंपीच काय तो दुकानासमोरून जाताना टेप गळ्यात अडकवून हाक मारायचा, "ये रे, सदऱ्याचं माप घेतो. निम्मंच कापड लागेल." मापाडी थांबून हसायचा. न थांबणं त्याला जमत नसे.

विद्यापीठाचे दोन मजूर टेंपो घेऊन आले. त्यांनी पांढरी पेटी पायांसकट उपटली, तापमापक चिंध्यांत गुंडाळला, डबा काढला. नळीची पावती फाडून सही मागितली. मापाड्यानं नळी पुसून दिली. एकानं ती उभी धरून उजेडात बघितली आणि बादलीत टाकली. आतल्या स्क्रूंवर ती आपटली आणि तडकली.

"अहो!" मापाडी म्हणाला.

"भंगारातच जाणार आहे," मजूर म्हणाला. "तुम्ही कशाला जीव टाकता?"

कुंपणाची तार त्यांनी गुंडाळून नेली. बायकोनं दुपारीच त्या जागेत कुदळ घातली. बत्तीस वर्षं न हललेली माती. कुदळ ठणकन वाजून उलटी आली. ती पुन्हा मारत राहिली. तळहाताला फोड येऊन फुटले तेव्हा त्यानं कुदळ मागितली. तिनं दिली नाही.

आठवड्यानं समाजशास्त्राच्या बाई आल्या, एकट्या. ओसरीवर मांडी घालून बसल्या, पाणी विचारल्यावर नको म्हणाल्या, स्वतःची बाटली काढली. चेहऱ्यानं त्या खरंच ओशाळलेल्या दिसत होत्या.

"माझं पुस्तक थांबवलं मी," त्या म्हणाल्या. "स्मृतीवरचं सगळंच उलटं झालं ना. लोक बरोबर होते. पण आता यातून एक वेगळा, फार महत्त्वाचा विषय निघतोय. निरीक्षकाला दिसतं एक आणि तो लिहितो दुसरं. का? त्यावर कुणीच काम केलेलं नाही. तुम्ही बोललात तर फार मदत होईल."

"त्या यादीचं काही होईल का, यातून?" बायकोनं विचारलं. ती अंगणात टँकरच्या पाण्याचे दोन्ही डबे विसळत होती, ओंजळभर पाण्यात.

"ते माझ्या विभागाकडे नाही, ताई. मी अहवालात लिहीन जरूर."

"कधी येईल अहवाल?"

"दोन वर्षं धरा."

बायकोनं विसळलेलं पाणी मिरचीच्या रोपाला ओतलं. बाईंनी मापाड्यापुढं एक छापील कागद ठेवला. संमती म्हणून सही हवी होती. "तुमचं नाव कुठंही येणार नाही, गावाचंही नाही. काळजी करू नका."

मापाड्यानं कागद दोनदा वाचला. "नाव घाला, बाई."

"नाही घालता येत. नियम आहे. तुमच्या संरक्षणासाठीच."

"कोणापासून?"

बाईंनी हसायचा प्रयत्न केला. "सर्वसाधारण नियम आहे तो."

"पत्रात निरीक्षकाची चूक म्हणून लिहिलंय. सगळ्या कचेऱ्यांत गेलंय ते. चूक माझी आहे तर नाव घाला. मी विचारलं होतं तेही लिहा, तीन पत्रं टाकली होती. आणि ज्यानं उत्तर दिलं त्याचंही घाला." एवढं एका दमात बोलायची त्याला सवय नव्हती. 

"उत्तराचा काही पुरावा आहे?"

त्यानं ओसरीच्या खांबाकडे बघितलं. मग पेन उचललं आणि सही केली.

ओढ्यापलीकडून टँकरचा भोंगा ऐकू आला. बायकोनं डबे उचलले. "येताय का? आज एकटीनं दोन्ही आणणं होणार नाही. हात बघा माझे."

तो अर्धवट उठला.

"पाचच प्रश्न आहेत," बाई म्हणाल्या. "मला पाचची बस गाठायचीय."

तो क्षणभर तसाच अर्धा उठलेला राहिला. मग खाली बसला.  बायकोनं चिंध्या गुंडाळलेल्या हातांनी डब्यांच्या कड्या धरल्या आणि ती अंगणातून निघून गेली.

बाईंनी यंत्र चालू केलं. लाल ठिपका लागला.

"तर मला सांगा, तुमच्या बायकोनं अकरा वर्षं सांगितलं की पाऊस निम्मा आहे. तिचं बरोबर होतं. तुम्ही तिचं का ऐकलं नाहीत?"

मापाड्याला बांधावरून जाणारी तिची पाठ दिसत होती. रिकामे डबे एकमेकांवर आपटत होते, त्यांचा आवाज इथवर येत होता. त्यानं बराच वेळ विचार केला, कारण खोटं सांगायचं नव्हतं आणि मनाचंही काही घालायचं नव्हतं.

"तिच्याकडं नळी नव्हती," तो म्हणाला.

बाईंनी वहीत भराभर काहीतरी लिहिलं. मग यंत्र कानाला लावून बघितलं.

"जरा परत बोलता का? मोठ्यानं. डब्यांच्या आवाजात नीट आलं नाही."

तो घसा साफ करून, यंत्राकडे तोंड करून परत बोलला.